हजेरीतली हिरा

माजं माहेर कशेळ्याच्या पल्याड, डोंगराच्या बुडाशी. तिथून कशेळ्याच्या बाजाराला यायचं म्हंजे सकाळी निघालं की ऊन डोक्यावर यायचं, आन मी लहान आसताना तो बाजार हीच माजी शाळा, दुसरी शाळा मी पाह्यली नाय. शाळा नव्हती आसं नाय, होती, पन वढ्याच्या पलीकडच्या गावात, आन आमच्या घरात म्हशी दोन, पाठचे भाऊ तीन, मंग पोरीला कोन धाडतंय. बाजारात तेलाच्या डब्यावर अक्षरं आसायची, मी बापाला इचारायची, बाबा, ह्ये काय लिवलंय, तो म्हनायचा, तेल लिवलंय. मिठाच्या गोनीवर इचारलं की म्हनायचा, मीठ लिवलंय. मला वाटायचं माज्या बापाला किती वाचता येतं. लग्न झाल्यावर कळलं, त्याला बी येत नव्हतं, आत काय हाय ते बघून सांगायचा.

लग्न करून आले हिकडं, खालापुराच्या अंगाला. लिवताना गावाचं नाव नका घालू, ताई. भाताची खाचरं होती, आन मालक खोपोलीला कारखान्यात पाळीवर जायचे, सायकलनं. घरात सासू. आमी सासूला आत्या म्हनतो. आत्या मानूस चांगलं, ह्ये मी आदीच सांगते, पुढचं ऐकून तुमी तिला वाईट ठरवाल म्हनून. मला पहिल्या बाळतपनात तिनी न्हाऊ माखू घातलं, पोरगी झाली तरी नाक मुरडलं नाय, उलट म्हनली, हिरा हाय माजी. तेच नाव पडलं. हिरा.

हिरा बोलकी. वर्साची व्हायच्या आदीच बोलायला लागली ती थांबलीच नाय. कोंबडीशी बोलायची, जात्याशी बोलायची. र तेवढा यायचा नाय तिला, र च्या जागी ल. नाव इचारलं की म्हनायची, हिला. बाया मुद्दाम इचारायच्या आन हसायच्या. आत्याच्या कडेवर दिसभर, आत्या जिथं जाईल तिथं हिरा.

साडेतीन वर्साची होती आन घसा धरला. भर पावसाचे दिस, नदीला पूर, मोटारी बंद, मालक तिकडं खोपोलीला अडकलेले. घटसर्प होता, ह्ये मागनं डाक्टरांनी मालकांना सांगितलं, तवा आमाला काय ठाव. पहिल्या दिशी आवाज बसला, दुसऱ्या दिशी गेला. जी पोरगी झोपेत बी बोलायची ती नुसती बघायला लागली. आत्या पावसात जाऊन एका भगताला घेऊन आली, त्यानी अंगारा लावला, काय काय सांगितलं. तिसऱ्या दिशी दुपार व्हायच्या आदीच गेली. आत्या तवा उतारा ठेवायला शिवेवर गेली होती, घरात मी एकटी होते.

वर्सानं मला दुसरी झाली. आत्या म्हनली, हिराच ठेवा नाव, तीच आलीय. मी म्हनले, नाय आत्या, गेलेल्या पोरीचं नाव नको. मंदा ठेवलं. पन आत्याला कोनी इचारलं ना, सुनेला पोरं किती, तर म्हनायची, दोन. दोन पोरी. कायम दोन.

आन मंदा बोलेना. वर्स झालं, दोन झाली, तीन झाली, तोंडातून शब्द नाय. ऐकू यायचं सगळं. हाक मारली की यायची, सांगितलेलं आनून द्यायची, हसायची ती बी आवाज न करता. रडायची ती बी तशीच, नुसतं पानी गळायचं. खोपोलीला डाक्टराला दाखवली, त्यानी कानात बघितलं, घशात बघितलं, म्हनला सगळं जागच्या जागी हाय, बोलंल. गाव मुकी म्हनायला लागला. मी बांधावर काम करायची आन ती आत्याच्या मांडीवर बसून आसायची, आत्या तिच्या कानाशी तोंड नेऊन काय तरी सांगत आसायची. मी गेले की गप व्हायची.

मंदाला चौथं सरत आलं तवा गावात बालवाडी आली. दवंडी पिटली, सरकारी बालवाडी हाय, तीन ते सहा वर्सांची पोरं धाडा, सुकडी खायला मिळंल. चावडीच्या बाजूला कारवीच्या कुडाची खोली होती, ती सारवून घेतली. बाई आल्या पनवेलीकडच्या, वासंतीबाई, नवीनच, गावातलं कोनी वळखीचं नाय. त्या घरोघर फिरून नावं लिवून घेत होत्या. मला कळलं तवा मी म्हनले, आपली मंदा जानार. चार पोरांत बसली तर बोलंल, आन नाय बोलली तरी अक्षरं तरी तिच्या डोळ्याखालून जातील, माज्यासारखं व्हायला नको. बाई आमच्या ओटीवर आल्या तवा मी लावनीला गेले होते. नावं आत्यानी सांगितली. बाईंनी इचारलं, घरात लहान मुलं किती, आत्या म्हनली, दोन पोरी. एक हिरा, एक मंदा. बाईंनी दोन्ही लिवली. त्यांना काय ठाव.

पहिल्या दिशी सोडायला बी आत्याच गेली. मी संध्याकाळी इचारलं, रडली का, आत्या म्हनली, नाय, बसली शहान्यासारखी. मंदाला इचारलं, तर नेहमीसारखी गप. पन रोज सकाळी आपन होऊन दाराशी जाऊन उभी राह्यची, चला म्हनून. मला बरं वाटलं.

दहाएक दिस झाले आसतील. दुपारची मी घरी होते, भात उकडत होतं, बाई आल्या. बसल्या, पानी घेतलं, आन म्हनल्या, पार्वतीबाई, तुमची हिरा छान रमली हो, पण मंदाला कधी पाठवणार? रोज नाव घेते, रोज गैरहजर.

मी म्हनले, बाई, मला पोरगी एकच हाय, मंदा, तीच येते तुमच्याकडं. बाई म्हनल्या, नाही हो, येते ती हिरा. मी पहिल्या दिवशी नाव विचारलं तर तिनंच सांगितलं. मी म्हनले, ती बोलत नाय बाई. बाई हसल्या. म्हनल्या, कोण बोलत नाही? अहो तिला गप्प बसवता बसवता माझ्या नाकी नऊ येतात. सगळ्या मुलांना गोष्टी सांगते, फक्त र तेवढा येत नाही, हिला म्हणते, येईल हळूहळू.

माज्या हातात भाताचा डाव होता, तो कुठं ठेवला मला आठवत नाय. मंदा आंगनात खेळत होती, मी हाक मारली, मंदे. ती आली दारात. बाई कौतुकानं म्हनल्या, हिरा, आईला ते गाणं म्हणून दाखव बघू. पोरीनी बाईंकडं पाह्यलं, माज्याकडं पाह्यलं, आन वठ मिटून उभी राह्यली. बाई दोन तीनदा म्हनल्या. मी त्यांना सांगितलं, हिरा माजी पहिली, तिला जाऊन पाच वर्सं झाली. बाई उठल्या, पदर सावरला, येते म्हनल्या आन गेल्या. भाताचं पानी उतू गेलं होतं ते मी मागनं बघितलं.

दुसऱ्या दिशी मी खाचरात गेले नाय. बालवाडीच्या मागच्या अंगाला गेले, तिथं कुडाचं लिंपन पडलं होतं, कारवीच्या फटीतून आतलं दिसायचं. ऊन चांगलं पडलेलं, मागं कोनाच्या तरी शेळ्या चरत होत्या, अगदी रोजच्यासारखी सकाळ. पोरं ओळीनं बसलेली, मंदा मधी, माज्याकडं पाठ. बाई हजेरी घेत होत्या. मंदा म्हनल्या, कोनी बोललं नाय. बाई जराशा थांबल्या, मला वाटतं त्यांचा बी धीर होत नव्हता. मंग म्हनल्या, हिरा.

हजल, बाई.

ताई, तुमची लेकरं मोठी झाली आसतील, पन त्यांचा लहानपनचा आवाज तुमी कधी इसराल का? पाच वर्सं मी तो आवाज कानात धरून ठेवला होता, आन थोडा थोडा सुटत चालला होता, आन तो तिथं कुडाच्या पलीकडून आला. जसाच्या तसा.

मंग पोरांनी सुकडी खाल्ली, बाई सगळ्यांना पानी द्यायला लागल्या. तिनी घेतलं नाय. बाई म्हनल्या, घे गं, रोज तू पाणी घेत नाहीस, तहान लागत नाही का? ती म्हनली, लागते. मंग घे की. तर म्हनली, आईनी तांब्या कनगीमागं लपवलाय. दुपाल झाली की देनाल हाय.

मघाशी हिराचं सांगताना मी एक राखून ठेवलं, ते आता सांगते. भगतानी सांगितलं होतं, उद्याच्या दुपारपर्यंत पोरीच्या पोटात पान्याचा थेंब जाऊ देऊ नका. ह्ये आत्याला ठाव होतं. पन आत्या शिवेवर गेली आन मी एकटी पोरीजवळ बसले, तवा ती सारखी तांब्याकडं बघायची. बोलता येत नव्हतं, नुसतं तांब्याकडं बघायची आन माज्याकडं बघायची. मला ते बघवंना. म्हनून मी तांब्या उचलला आन भात साठवायच्या कनगीमागं ठेवला, तिला दिसू नये म्हनून. आन तिला म्हनले, दुपार झाली की देनार हाय. दुपार काय झालीच नाय. डाक्टर मागनं म्हनले, पान्यानं काय फरक पडला नसता. आसंल. पन ह्ये मी कोनाला सांगितलं नव्हतं, मालकांना नाय, आत्याला नाय, देवाला बी नाय.

मला वाटलं आता ती वळून फटीकडं बघनार. बघितलं नाय तिनी. बघितलं आसतं तर मी आत गेले आसते. मी घरी आले.

आत्याला धरलं मी. म्हनले, तुमी तिच्या कानात काय सांगत आसता? आत्या म्हनली, हिराचं सांगते, दुसरं काय सांगू. ती कशी चालायची, कशी बोलायची. मी म्हनले, आन तांब्याचं? आत्या म्हनली, कोनता तांब्या? मंग मला सांगावं लागलं. आत्या ऐकत होती, जात्याचा खुंटा धरून बसली होती. येवढंच म्हनली, म्हंजे तीच हाय. मी काय खोटं बोलत होते?

मालकांना सांगितलं तर त्यांनी डोकं धरलं. म्हनले, म्हातारीनी पोरीला पढवलीय, पोर ऐकून बोलते, बाईंना सांगून नाव कापून टाकू, इषय मिटंल. सकाळी पाळीवर जायच्या आदी ते बाईंकडं गेले, मी मागं मागं गेले. बाईंनी हजेरीचं पुस्तक काढलं, पेन उघडला. आन मी म्हनले, नका कापू.

का म्हनले? ताई, आता लपवून काय करू. मला ऐकायचं होतं. नाव कापलं आन ती बोलायची थांबली तर? त्या दिसापासून मी रोज कुडामागं जायला लागले. शेजारनीला सांगायचे बांध बघून येते. लावनी राह्यली, मालक चिडले, मी जायचीच. ती गोष्टी सांगायची, आमच्या तांबड्या कोंबडीची, जी मंदा जन्मायच्या आदी मुंगसानी नेली. मी फटीला कान लावून हसायची बी. आत्या आन मी दोघी घरात एकमेकींकडं बघायचो, जशा दोन बाया एका गुपितावर बसतात तशा, आन खरं सांगते, त्या आठ दहा दिसांत आमचं जेवढं पटलं तेवढं कधी पटलं नाय.

आन तेवढ्यात मंदा वाळत चालली होती, तिकडं माजं ध्यान नव्हतं. एक दिस तिला न्हाऊ घालताना माज्या हाताला फासळ्या लागल्या. वठ फुटलेले. घरात बी ती पानी घेत नव्हती, कधीपासून घेत नव्हती मला ठाव नाय. पेजेतलं जे काय पोटात जाईल तेवढंच. दुसऱ्या दिशी अंगात कसर, बारीक ताप, आन गिळताना मान वाकडी करायला लागली. मी तिचं तोंड उघडून बघितलं, मला काय कळतंय आतलं, पन ती माज्याकडं बघत होती ना, ती नजर मी आदी एकदा बघितली होती.

त्या दिशी बी ती सकाळी दाराशी जाऊन उभी राह्यली. अंगात ताप, तरी उभी. मी आडवलं नाय. सोडून आले बालवाडीत. घरी येऊन कनगीमागं हात घातला, तांब्या तिथं नव्हताच, कसा आसंल, पाच वर्सं तो आमी रोज वापरत होतो, पन हात घातला खरा. मंग फळीवरचा तांब्या घेतला, इहिरीवर जाऊन ताजं पानी शेंदलं, आन तशीच वल्या लुगड्यानं बालवाडीत गेले. ह्या येळी कुडामागं नाय, दारातून आत. बाई उठून उभ्या राह्यल्या. मी तिच्यासमोर बसले. आजपर्यंत मी त्या पोरीला त्या नावानं हाक मारली नव्हती. मी म्हनले, हिरा, दुपार झाली गं बाय. घे.

तिनी दोन्ही हातांनी तांब्या धरला. प्यायली. आदी हळू, मंग घटाघटा, गळ्यावरून अंगावर सांडत होतं, तरी सोडंना. येवढंसं पोर, आख्खा तांब्या प्यायली. मंग तोंड पुसलं आन माज्याकडं बघून म्हनली, येते गं आई.

आपल्यात कोनी निघालं की येते म्हनतं, जाते म्हनत नाय. आन आपन त्याला ये म्हनतो. आत्या तिथं आसती तर ये म्हनली आसती. माज्या बी जिभेवर तेच होतं. माज्या समोर मंदाचे फुटलेले वठ होते, ती तापानं थरथरत होती. मी म्हनले, जा.

ती तिथंच चटईवर आडवी झाली आन झोपली. बाईंनी आन मी तिला घरी आनली. मालक खोपोलीला घेऊन गेले त्याच दिशी, डाक्टरांनी सुया दिल्या, म्हनले येळेवर आनलीत. चार दिसांनी ताप उतरला, पानी प्यायला लागली.

पुढं बालवाडीत गेली, तर हजेरीत हिराला जवाब नाय, मंदाला बी नाय. आठ दिस, पंधरा दिस. बाई रोज दोन्ही नावं घ्यायच्या, मला नजरेनं सांगायच्या, नाय म्हनून. मला वाटलं एक घालवली आन दुसरी बी मुकीच राह्यली. मंग एक दिस मी तिला घेऊन घरी येत होते, बांधावरून, मी पुढं ती मागं, आन मागनं आवाज आला, आई, काटा रुतला. जाडसर आवाज, घोगरा, मी कधी न ऐकलेला. आन र चांगला ठनठनीत. मी बांधावरच बसले, तिचा पाय मांडीवर घेतला, काटा काढता काढता माज्या डोळ्यांना काय दिसंना, तर म्हनते कशी, आई, लवकर, दुखतंय. ह्ये मंदाचं पहिलं बोलनं. दुसऱ्या दिशी बाईंनी आपन होऊन हिराच्या नावावर रेघ मारली. मी ह्या येळी नाय म्हनले नाय.

आत्या मातर त्या तांब्याच्या दिसापासून माज्याशी बोलली नाय. एकदाच बोलली, दळता दळता. म्हनली, दोनदा घालवलीस तिला. पहिल्यांदा पानी न देऊन, दुसऱ्यांदा देऊन. पुढं दीडेक वर्स जगली, माज्या हातचं पानी घेतलं नाय, सोता उठून घ्यायची, न्हायतर मंदाच्या हातून. शेवटी शेवटी मंदाच तिच्या उशाशी बसून बडबड करायची, आन आत्या डोळे मिटून ऐकायची. कोनाचा आवाज ऐकायची देव जाने.

मालक आजून म्हनतात, म्हातारीनी पढवली होती. मी वाद घालत नाय. त्यांचं म्हननं खरं आसंल. कोंबडीचं खरं आसंल. तांब्याचं मी त्यांना आजून सांगितलेलं नाय.

वासंतीबाईंची बदली झाली, नंतर दुसऱ्या बाई आल्या, खोली आता पक्की झाली. मंदा सातवी शिकली, पुढं शिवनकाम शिकली, गेल्या वर्सी लग्न झालं तिचं, कर्जतच्या अंगाला दिलीय. जावई चांगला. ती आली की घर दनानून सोडते, मालक म्हनतात, हिला कशाला बोलायला शिकवलंत. तिला त्या वर्साचं काय सुदीक आठवत नाय. बहीन होती येवढं तिला ठाव हाय, कशी गेली ते नाय. एक दोनदा इचारलं तिनी, आई, हिराला काय झालं होतं, मी म्हनले, घसा धरला होता. तेवढंच निघालं तोंडातून.

म्हनून तुमी लिवून घेताय ते बरं हाय, ताई. मी थोडं मागं पुढं सांगितलं आसंल, ते तुमी सरळ करा, पन तांब्याचं कापू नका. छापून आलं की एक मला द्या, मी मंदाकडं धाडीन. मला तोंडानं सांगता येत नाय. तिला वाचता येतं. सुखी राहा, तुमची पोरंबाळं सुखी राहोत. सांजची मोटार गाठायची आसंल तुमाला, तर या आता.